शहाण्या मुलांना माशी चावत नाही

४ एप्रिल

ती. वन्सं,

नमस्कार.

फोन अजून लागलेला नाही. लागला असता तरी तुम्ही घेतला नसता, हे ठाऊक आहे. "फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं मी मनाचं लावते," हे तुमचंच वाक्य. तेव्हा पत्र.

घर लागलं. म्हणजे स्वयंपाकघर लागलं, बाकी सगळं खोक्यांत आहे. तुमचे बंधुराज बोटीवर गेले त्याला आज सतरा दिवस झाले, आता आठ महिन्यांची निश्चिंती. जाताना मला गॅसचा कॉक समजावला, पाण्याची टाकी समजावली, विजेचा मीटर तर दोनदा समजावला. आणि मागच्या अंगणात मधमाश्यांच्या तीन पेट्या मांडून गेले. त्यांच्याबद्दल मात्र एवढंच म्हणाले, "त्या आपलं आपण बघतात."

वन्सं, त्या आपलं आपण बघतील. माझ्या पोरांचं कोण बघणार?

जुन्या घरी पेट्या गच्चीवर होत्या आणि गच्चीला कुलूप होतं. मला त्यांचा त्रास म्हणजे एवढाच, की ह्यांच्या सदऱ्यांना माश्यांना द्यायच्या धुराचा वास यायचा. इथे अंगण मिळालं म्हणून हे घर घेतलं, तर अंगणात पोरं आणि पेट्या समोरासमोर. कपडे वाळत घालायच्या दोरीपासून पेट्यांपर्यंत बारा पावलं. मी मोजली. थोरलीला आपण 'कारभारीण' उगीच म्हणत नाही. सहा वर्षांची होत नाही तोच तिने अंगणाची वाटणी केली आहे: हे दुकान, हे हॉस्पिटल, ते माश्यांचं ऑफिस. ढब्बू तीन वर्षांचा, त्याला ऑफिसही कळत नाही आणि हॉस्पिटलही. जे दिसेल ते उचलायचं, एवढंच त्याला कळतं.

काल चादर काढताना घडीतून एक माशी निघाली. मी अशी किंचाळले की शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावल्या. दुपारी मुलांना त्याच बघतात. म्हणाल्या, "साप का हो?" मी म्हटलं, "नाही, माशी." त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी तुम्हाला सांगणार नाही.

चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांना विचारते, "आता नीट दिसतंय? आणि आता?" आणि माझ्या डोळ्यांपुढे सगळा वेळ ते अंगण.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक रोपवाटिका आहे. तिथले मालक तिन्ही पेट्या न्यायला तयार आहेत. पेट्या मुळात तुमच्या, तुम्ही ह्यांना दिलेल्या, म्हणून आधी तुम्हाला विचारते. देऊन टाकू?

हो म्हणा.

तुमची भावजय


९ एप्रिल

प्रिय चष्मेवाली,

अनेक आशीर्वाद.

"देऊन टाकू?" म्हणून खाली "हो म्हणा" लिहायचं, याला विचारणं म्हणत नाहीत, बाई. याला सही मागणं म्हणतात. मी सही करत नाही. म्हणजे आज करत नाही. दोन महिने दे. दोन महिन्यांनी हेच पत्र पुन्हा पाठवलंस तर निमूट सही करीन.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ज्या आईला माश्यांची भीती वाटत नाही, तिच्या अंगणात पेट्या ठेवूच नयेत. पण तुझ्या नवऱ्याने घोळ घातला आहे तो पेट्या ठेवल्याचा नव्हे, त्यांचं तोंड कुठे केलंय त्याचा. तुझ्या पत्रावरून दिसतं की दारं कपड्यांच्या दोरीकडे आहेत. म्हणजे हजारो माश्यांचा जायचा-यायचा रस्ता तुझ्या पोरांच्या नाकासमोरून. इंजिनं सांभाळतो म्हणे!

पेट्या मागच्या भिंतीकडे फिरव. भिंत पुरुषभर उंच आहे ना? मग झालं. दारासमोर दोनेक हातांवर उंच भिंत असली की माशी निघाल्याबरोबर वर चढते आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून जाते. पण एका दिवसात फिरवू नकोस. बाहेर गेलेल्या माश्या जुन्या दाराशी येतील, दार नाही म्हटल्यावर घुटमळतील, आणि त्या वेळी जवळ कोणी असेल तर त्याची खैर नाही. रोज चार बोटं. संध्याकाळी, सगळ्या घरात आल्यावर, जाळीची टोपी घालून. बारा-पंधरा दिवसांत तोंड फिरेल.

पोरांच्या बाजूने एक उंच चटई किंवा बांबूचा पडदा बांध. तिच्या अलीकडे दोरी, दोरीला रंगीत चिंध्या. कारभारणीला सांग की दोरीपलीकडे तिचा कारभार चालत नाही. गवतात फुलं आली असतील तर अनवाणी सोडू नकोस. अंगणात केळं खाऊ देऊ नकोस. हसू नकोस. चिडलेली माशी एक वास सोडते, तो पिकल्या केळ्यासारखा असतो, आणि इतर माश्यांना वाटतं भांडणाचं बोलावणं आलं. आणि पाणी. त्यांना पाणी लागतं. तू दिलं नाहीस तर तुझ्या नळावर येतील. पेट्यांजवळ पसरट थाळीत खडे घालून पाणी ठेव, एकही दिवस कोरडी राहू देऊ नकोस.

चावलीच तर काटा चिमटीत धरून ओढायचा नाही, नखाने खरवडून काढायचा, आणि लगेच. मग थंड पाणी. आणि मग अर्धा तास मूल नजरेसमोरून हलू द्यायचं नाही. चावलं तिथे सुजलं तर सुजू दे. पण ओठ किंवा डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, श्वासाला शिट्टी लागली, तर कपडेसुद्धा न बदलता हॉस्पिटल. जवळचं कुठे आहे ते आजच बघून ये.

सोबत तुझ्यासाठी जाळीची टोपी शिवून पाठवते आहे. दोन छोट्याही आहेत. घालून अंगणात हुंदडण्यासाठी नाहीत, लांबून बघण्यासाठी आहेत. ढब्बूच्या डोक्याचा अंदाज घेतला आहे, तो तुमच्या घरच्या डोक्यांप्रमाणे मोठाच धरला.

मी का ठेवत नाही, असं तू पुढच्या पत्रात विचारशीलच. गुडघे, बाई, गुडघे. वाकवत नाही.

तुझी वन्सं


२८ एप्रिल

ती. वन्सं,

नमस्कार.

तुमची भावजय आता जाळीची टोपी घालून, ह्यांचा जाड सदरा घालून, पायमोज्यांत पॅन्ट खोचून रोज संध्याकाळी तीन पेट्या चार-चार बोटं सरकवते. पहिल्या दिवशी चार बोटांची दोनच सरकवून मी घरात पळाले. आठव्या दिवशी मी पेटीला कान लावला. आत मोठं घर असतं ना, सगळी झोपायच्या आधी भांडी आवरतात, दारं लावतात, तसला आवाज. मी बराच वेळ तशीच वाकून उभी होते. शेजारच्या बाई भिंतीवरून म्हणाल्या, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "नणंदेला नमस्कार सांगतायत."

परवा तोंडं पुरती फिरली. पडदा बांधला, दोरी बांधली, चिंध्या कारभारणीने निवडल्या. त्यात माझी एक चांगली ओढणी गेली. तुम्ही म्हटल्याप्रमाणे माश्या आता खरंच वरून जातात. पाण्याच्या थाळीचं मात्र खोटं बोलणार नाही, ती मी गेल्या सोमवारीच ठेवली. तोवर त्यांना नळाची सवय लागली आहे, थोड्या अजून तिथे येतात. तिसरी पेटी जरा तिरसट आहे. पहिल्या दोघी मी जवळ गेले तरी आपल्या कामात असतात, तिसरीतून दोघी-तिघी टोपीवर येऊन धडकतातच.

ह्यांचं पत्र आलं. पहिली ओळ, "पेट्या कशा आहेत?" मुलं तिसऱ्या ओळीत, मी पाचव्या. पण एक काम केलं, मुलांना भीती वाटू नये म्हणून काय सांगायचं ते लिहिलं. म्हणे लहानपणी ह्यांना हेच सांगितलं होतं आणि ह्यांची भीती गेली होती: शहाण्या मुलांना माशी चावत नाही. वन्सं, काय जादू झाली! तीन आठवडे मी घसा कोरडा करून जे सांगत होते ते या एका वाक्याने झालं. आता दोघं दोरीशी हात मागे बांधून उभी राहतात आणि शाळेत म्हणतात तसं म्हणतात, "शहाण्या मुलांना माशी चावत नाही." रोज सकाळी, रोज संध्याकाळी.

दुकानात या दिवसांत फार गर्दी आहे, शाळांची डोळे-तपासणी चालू आहे, घरी येते ती गळून. पण पोरं गुणी झाली आहेत. कारभारीण तर इतकी समजूतदार, की दोन दिवस ढब्बूला अंघोळ तीच घालते, "तू दमलीस, बस" म्हणते. ढब्बू आगगाडीचा ड्रायव्हर झाला आहे. कालपासून कानटोपी चढवली आहे ती या उकाड्यात काढायला तयार नाही. झोपतानासुद्धा नाही! मी हात लावला की कारभारीण मध्ये पडते, "ड्रायव्हरची टोपी काढायची नसते, आई." हसून हसून पुरेवाट.

तेव्हा सही राहू द्या. पेट्या राहतील असं दिसतंय.

एक राहिलं. तुमच्या गुडघ्यांचं मी ह्यांना लिहिलं होतं. हे म्हणतात, पेट्या दिल्या त्या वर्षी ताई माझ्यापुढे दोन मजले धावत चढायची. मग?

तुमची भावजय


१ मे

पुढचं काही वाचायच्या आधी ढब्बूची टोपी काढ. कानामागे बघ, मानेवर बघ, केसांत बोट फिरव. बघून आलीस की खाली वाच.

पाहिलंस?

तुझं पत्र तीन दिवसांनी हातात आलं, हे तुझ्या हातात पडेपर्यंत आणखी तीन. म्हणजे जे काही झालं असेल ते आठवड्याचं शिळं असेल, आणि पोर हसतं-खेळतं आहे म्हणजे या वेळचं निभावलं. मी देवाशी कधी घासाघीस करत नाही, पण आज सकाळपासून करते आहे. माझं चुकलं असेल, त्याला खरंच ड्रायव्हर व्हायचं असेल, तर मला मूर्ख म्हण. मी आनंदाने ऐकीन, दोन्ही कानांनी.

ते वाक्य माझं आहे.

तुझा नवरा दहा वर्षांचा होता आणि पेट्यांवर खडे मारायचा. मी वीसची. मला त्याला गप्प बसवायचं होतं. मी म्हटलं, शहाण्या मुलांना माशी चावत नाही. तो गप्प बसला. मला वाटलं, वा, काय सुरेख वाक्य सापडलं. मग माझी लेक झाली, आणि तिलाही मी तेच दिलं, अंगाईसारखं. तीही तुझ्या पोरांसारखी हात मागे बांधून उभी राहायची.

ती सहा वर्षांची होती. मी शिवणाच्या खोलीत होते, शाळेच्या गणवेशांचं काम होतं, कापडाचे गठ्ठे छपरापर्यंत. ती अंगणात होती. मग दिसेना. मी मशीन थांबवून हाका मारल्या. ओ नाही. वाटलं, शेजारी गेली असेल. आणखी दोन बाह्या जोडल्या. त्या दोन बाह्या मला अजून दिसतात. मग कसलीशी शिट्टी ऐकू आली, बारीक, गठ्ठ्यांच्या मागून. तेव्हा माझे कान चांगले होते. ती तिथे बसली होती, हात फ्रॉकमध्ये लपवून. ओठ इतके सुजलेले, डोळे मिटलेले, आणि तो श्वास. चावल्याला पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. माझ्यापासून सहा पावलांवर ती पंचवीस मिनिटं लपून बसली होती, कारण चावली म्हणजे ती शहाणी नव्हती, आणि ते मला कळू द्यायचं नव्हतं.

शेजाऱ्याची स्कूटर होती म्हणून वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं आणि काही खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला आवाज फुटला. पहिलं काय म्हणाली असेल? "मी शहाणीच आहे, आई."

पेट्या मी त्याच आठवड्यात तुझ्या नवऱ्याला देऊन टाकल्या. गुडघे सांगितले. गुडघे अजून ठणठणीत आहेत. पोरीला माशी चावली, सूज आली, एवढंच सगळ्यांना माहीत. ती का लपली ते कोणालाच नाही. मी पेट्या काढल्या, पण ते वाक्य तुझ्या नवऱ्याकडेच राहिलं. त्याच्याकडून तुझ्याकडे आलं.

आज संध्याकाळीच ते मोडून टाक. त्यांना सांग, माशी चावते. शहाण्याला चावते, वेड्याला चावते, आईला चावते. तिला दाबलं, तिच्या वाटेत आलं की चावते, आणि चावली की मोठ्याने ओरडत यायचं. जो आधी ओरडेल त्याला कोणीही रागवणार नाही.

तू माझ्यावर रागावशील ते रास्तच आहे.

वन्सं


६ मे

ती. वन्सं,

टोपी काढली. डाव्या कानामागे. सूज उतरली होती, एक लालसर गाठ राहिली होती आणि मध्ये काळा ठिपका. काटा आतच होता.

मी लोकांना केसाएवढं अक्षर वाचायला लावते, वन्सं. आणि माझ्या मुलाच्या कानामागे मला दिसलं नाही.

नळाशी झालं. बाईंचा डोळा लागला होता. ढब्बू रडू लागला तेव्हा कारभारणीने त्याच्या तोंडावर हात ठेवला, पेटाऱ्यातून कानटोपी काढली आणि सांगितलं, "आईला कळलं तर तिला वाटेल तू वाईट मुलगा आहेस." त्याचं नाव खराब होऊ नये म्हणून! रात्री त्याला दुखायचं, तर ती त्याला आपल्या वाट्याची बिस्किटं द्यायची. हे सगळं तिने मला हुंदके देत सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "पण आई, तो शहाणाच आहे, माशीचं चुकलं असेल." मला तुमची लेक ऐकू आली.

डॉक्टरांनी काटा काढला, तपासलं. जिथे चावलं तिथलीच सूज होती, अंगभर काही नाही, घाबरण्यासारखं नाही म्हणाले. तरी पुढच्या वेळी लक्ष ठेवा, आणि जास्त काही दिसलं तर लगेच आणा.

वाक्य मोडलं. दोघांना मांडीवर घेऊन सांगितलं. ढब्बू लगेच म्हणाला, "बरं." कारभारीण मांडीवरून उतरली आणि कानटोपीची घडी घालत बसली. तिला अजून पटलेलं नाही, मला कळतं.

आता माझं. मी तुमच्यावर रागावले आहे. तुमच्या वाक्यावर नाही, ते तुम्ही विशीत बोललात, विशीत आपण काय काय बोलतो. पण नऊ एप्रिलला तुम्ही मला केळ्याचं लिहिलंत, पाण्याचं लिहिलंत, पायमोज्यांचं सुद्धा लिहिणार होतात बहुधा, आणि हे नाही लिहिलंत. गुडघे लिहिलेत. ज्या एका गोष्टीने तुमचं मूल जात होतं ती सोडून बाकी सगळं लिहिलंत.

रोपवाटिकेच्या मालकांना मी रविवार, चोवीस तारीख दिली आहे. तिन्ही पेट्या जातील. सही लागणार नाही.

आणि एक विचारते, रागावलेय म्हणूनच विचारायचं धाडस होतंय. तुमच्या लेकीला तुम्ही हे कधी सांगितलंत? की ते वाक्य चुकीचं होतं?

तुमची भावजय


२० मे

प्रिय चष्मेवाली,

तुझा प्रत्येक शब्द कबूल. पेट्या दे. माझी काही हरकत नाही आणि मनातही काही नाही. नेताना संध्याकाळी सगळ्या आत आल्या की दारं बंद करायची, आणि मुलं त्या वेळी शेजारी ठेव, एवढंच.

तू विचारलंस ते मी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं सांगितलं नाही. ती आता सव्वीसची. दातांच्या दवाखान्यात नोकरी, पर्समध्ये कायम ते इंजेक्शन, माशी चावलीच तर लगेच टोचायचं. महिन्यातून दोन पत्रं, व्यवस्थित, गोड, हवापाण्याची. मी समजायचे, तिला ते आठवतच नसेल.

गेल्या शनिवारी बसने गेले. दाराशी मला बघून ती घाबरलीच, "काय झालं? कोण आजारी आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही. मला एक बोलायचंय, आणि ते बसल्यावर मला सुचणार नाही, म्हणून उभ्यानेच बोलते." ती इस्त्री करत होती. मी सांगितलं. त्या दोन बाह्यांचंही सांगितलं.

तिने पुढचा अभ्रा इस्त्रीखाली घेतला. मग म्हणाली, "आई, मला वाटायचं त्या दिवशी माशीला कळलं."

"काय कळलं?"

"मी ते निळं कापड कापलं होतं. बाहुलीच्या झग्याला. तुझ्या गिऱ्हाइकाचं."

अगं, मला ते कापड आठवलं! एका बाईच्या झंपराची बाही वीतभर कमी पडली होती. मी माझ्याच मापाला दोष दिला, तिची माफी मागितली, पदरच्या पैशाने कापड आणून दुसरा शिवला. पुढे कित्येक महिने प्रत्येक कापड दोन-दोनदा मोजत होते. मी हे म्हटलं तशी ती हसायला लागली, मग मी, आणि हसता हसता ती खाली बसली आणि रडली. इस्त्री तशीच राहिली. एक उशीचा अभ्रा गेला.

"वीस वर्षं," ती म्हणाली, "पर्समधलं ते इंजेक्शन बघितलं की मला निळं कापड आठवतं. मला माहीत आहे गं, ही शरीराची गोष्ट आहे, मी स्वतः दवाखान्यात काम करते. पण माहीत असणं वेगळं."

मग चहा करताना पाठमोरी म्हणाली, "मी तिथे मुलांना कधी 'दुखणार नाही' म्हणत नाही. डॉक्टर ओरडतात माझ्यावर. मी म्हणते, दुखेल, थोडं दुखेल, दुखलं की हात वर कर, आम्ही थांबू. मुलं रडतात पण माझ्याकडेच येतात." आणि कारभारणीसाठी निरोप दिला. तिला पटलेलं नाही ना? मग नुसतं सांगून पटणार नाही, म्हणाली. तिच्यासमोर कोणा शहाण्या माणसाला माशी चावली पाहिजे.

मी दोन दिवस राहायला म्हणून गेले होते, चार दिवस राहिले. तिचे सगळे पडदे बदलून आले.

तुझी वन्सं


१५ जून

ती. वन्सं,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. कारण सांगते.

चोवीस तारखेला संध्याकाळी रोपवाटिकेचे मालक हातगाडी घेऊन आले. मुलं शेजारी होती, पण कारभारीण भिंतीशी खुर्ची लावून बघत होती. तिने तिथूनच विचारलं, "त्यांना का घालवताय? त्या वाईट आहेत म्हणून?"

मी म्हटलं, "ढब्बूला चावली ना."

"पण तूच म्हणालीस चावलं म्हणजे कोणी वाईट नसतं."

रोपवाटिकेचे मालक माझ्याकडे बघायला लागले. मग तेच म्हणाले, "ताई, खरं सांगू? ही तिसरी चिडकी आहे, ही मुलांच्या घरात नकोच. मी नेतो. माझ्या गावाबाहेरच्या मळ्यात एकटी राहील, भांडेल वाऱ्याशी. या दोघी मात्र गाईसारख्या आहेत. माझ्या घरी मुलं असती तरी ठेवल्या असत्या."

तिसरी गेली. दोघी आहेत. नळाची गळती मी दुरुस्त करून घेतली, थाळी रोज भरते. बाईंना दुपारचा चहा आता मी थर्मासमध्ये भरून ठेवते, डोळा लागू नये म्हणून. त्या म्हणतात, लाच आहे. आहेच.

पुढच्याच आठवड्यात मला चावली. पाणी भरताना, मनगटावर. मी मुद्दाम नाही हं चावून घेतली, पण झाल्यावर तुमच्या लेकीचा निरोप आठवला आणि मी अंगणातूनच ओरडले, "कारभारीण! मला माशी चावली!" ती धावत आली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू काय केलं होतंस?" म्हणाली. मी म्हटलं, "पाणी भरत होते." तिने बराच विचार केला. मग नखाने काटा खरवडून काढला, माझ्यापेक्षा चांगला, आणि पायरीवर माझ्याशेजारी घड्याळ घेऊन बसली. अर्धा तास हलू दिलं नाही मला.

आणि काल. मी दुकानातून येत होते. गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकू आला. "आईऽ! मला माशी चावलीऽ!" भोंग्यासारखा. तिने अंगणातून आरोळी दिली होती ती घरातून बाहेर, बाहेरून रस्त्यावर, अशी वाढतच चालली होती. न्हावी दुकानाबाहेर आला, वर गॅलऱ्यांत माणसं आली, मागून बाई थर्मास हातात घेऊन धावताहेत. मध्ये कारभारीण, अंगठा झेंड्यासारखा वर धरलेला, रडतेय आणि ओरडतेय, ओरडतेय आणि रडतेय. वन्सं, मी धावले ती अर्धी हसत धावले. कोणाला सांगून पटणार नाही. माझ्या मुलीला माशी चावली होती आणि माझ्या जिवात जीव आला होता.

काटा बाईंनी तिथेच रस्त्यात काढला. आम्ही दोघी पायरीवर बसलो. घड्याळ समोर. ओठ बघितले, डोळे बघितले, श्वास ऐकला. अंगठा फुगला, बाकी काही नाही. ढब्बू दर मिनिटाला येऊन "झाला का अर्धा तास?" विचारून जात होता.

पंधरा मिनिटं झाल्यावर तिचे हुंदके थांबले. मग तिने हळूच सुरुवात केली. "आई, मी काल ढब्बूला चिमटा काढला होता."

"हं."

"आणि शाळेत पेन्सिल माझी नव्हती, मी माझी म्हणाले."

"हं."

"आणि दूध मी कुंडीत ओतलं. दोनदा." ती घड्याळाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "पण त्याचा आणि माशीचा काही संबंध नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच संबंध नाही."

"पेन्सिलीचा पण नाही?"

"पेन्सिल उद्या परत करायची. पण माशीशी तिचा संबंध नाही."

ती माझ्या अंगावर रेलली. तिचा फुगलेला अंगठा माझ्या तळहातात होता, गरम, ठणकत असलेला. आणखी पंधरा मिनिटं होती. आम्ही बसून राहिलो.

तुमची भावजय